तुमचा बदल दुसऱ्याने का सांभाळावा?

(तरुण अभियंते आणि विद्यार्थ्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला, ‘ओपन सोर्समध्ये योगदान’. योगदान हा शब्द मला थोडा जड वाटतो. तो ऐकला की शाल-श्रीफळ आठवतं. आपण साध्या भाषेत बोलू. जगात असे असंख्य प्रोग्राम आहेत, ज्यांचा कोड कुणालाही वाचता येतो, वापरता येतो, बदलता येतो. स्वतःच्या लॅपटॉपवर तुम्ही त्यात हवा तो बदल करा, कुणाची परवानगी लागत नाही. खरा प्रश्न पुढे येतो. तो बदल मूळ प्रोग्राममध्ये जावा, सगळ्यांपर्यंत पोचावा असं तुम्हाला वाटतं. त्यासाठी तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या माणसाने हो म्हणायला हवं. त्याला मेंटेनर म्हणतात. आज मी त्याच्याविषयी जास्त बोलणार आहे. कोडबद्दल सगळेच शिकवतात, त्या माणसाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मला इंजिनिअरिंग संपवून बारा वर्षं झाली. पुण्यात नोकरी करतो. ओपन सोर्सचं काम रविवारी सकाळी, घरातले उठायच्या आधी करतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पलीकडचा मेंटेनरही बऱ्याचदा असाच असतो. कुठल्या तरी देशात, सुट्टीच्या दिवशी, पगाराशिवाय बसलेला.

मघाशी चहाच्या वेळी चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला: सर, याने नोकरी लागते का? उत्तर देणार आहे, पण शेवटी. तो प्रश्न पहिला ठेवला की काम कसं बिघडतं, याची दोन उदाहरणं आधी ऐका.

हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम दर ऑक्टोबरमध्ये होतो. डिजिटलओशन ही कंपनी तो चालवते. २०२० साली नियम होता की महिनाभरात चार पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘माझा हा बदल तुमच्या प्रोग्राममध्ये ओढून घ्या’ अशी विनंती. झालं काय, तर लोकांनी टी-शर्टसाठी वाटेल त्या प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असले दोन शब्द घुसडून विनंत्यांचा पाऊस पाडला. मेंटेनर हैराण झाले. ऑक्टोबर सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले नाहीत तोच कंपनीला नियम बदलावा लागला: जे प्रोजेक्ट स्वतःहून तयार असतील त्यांनाच पाठवलेले बदल धरले जातील.

दुसरं उदाहरण २०२४ चं. एक्सप्रेस हा वेबसाठीचा प्रसिद्ध प्रोग्राम आहे, तुमच्यातल्या अनेकांनी वापरला असेल. भारतातल्या एका शिकवणीच्या व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची हे दाखवताना त्याचं उदाहरण घेतलं होतं. ते बघून विद्यार्थ्यांनी खरोखरच एक्सप्रेसच्या फाइलमध्ये स्वतःचं नाव लिहून विनंत्या पाठवायला सुरुवात केली. एकामागून एक, शेकड्यांनी. त्या मुलांना मी फार दोष देत नाही. सरावासाठी स्वतःचं रिकामं प्रोजेक्ट उघडायचं असतं, एवढं एक वाक्य शिकवणाऱ्याने ठासून सांगायला हवं होतं. पण परिणाम कुणाला भोगावा लागतो? पुढच्या महिन्यात औरंगाबादहून किंवा मालेगावहून खरा, नीट केलेला बदल पाठवणाऱ्या मुलाला. कारण तोवर मेंटेनर थकलेला असतो, आणि अनोळखी भारतीय नावाची विनंती दिसली की उघडायच्या आधीच सुस्कारा टाकतो.

आता मेंटेनरच्या खुर्चीत बसून बघा. तुम्ही बदल पाठवला, तुमचं काम झालं. त्याचं तिथून सुरू होतं. तो बदल एकदा आत घेतला की पुढची दहा वर्षं तो त्याचा. तुम्ही नोकरी बदलाल, लग्न होईल, दुसऱ्या शहरात जाल. त्या ओळीतून काही बिघडलं तर रात्री अडीचला मेल तुम्हाला येणार नाही, त्याला येईल.

हे घाबरवायला सांगत नाही. ओपनएसएसएलचं उदाहरण घ्या. तुमच्या बँकेच्या साइटवर कुलपाचं चित्र दिसतं ना, त्यामागचं बरंच काम हा प्रोग्राम करतो. २०११ च्या डिसेंबरमध्ये, अगदी ३१ तारखेला, त्यात एक बदल आत गेला. दोन संगणकांनी एकमेकांना ‘आहेस ना?’, ‘आहे’ असं अधूनमधून विचारत राहायची सोय. समोरचा म्हणायचा, हा घे माझा शब्द, इतक्या अक्षरांचा आहे, तो परत म्हणून दाखव. त्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासायचं राहिलं. म्हणजे एका अक्षराचा शब्द पाठवून ‘चौसष्ट हजार अक्षरं परत दे’ म्हटलं, तर संगणक स्वतःच्या मेमरीत शेजारी जे काही पडलं असेल, पासवर्ड असोत की गुप्त किल्ल्या, ते उचलून देत होता. बदल पाठवणारा प्रामाणिक होता. तपासणाऱ्याच्याही नजरेतून ते सुटलं. मार्च २०१२ मध्ये ती आवृत्ती बाहेर पडली आणि एप्रिल २०१४ पर्यंत ही चूक जगभर राहिली. हार्टब्लीड म्हणून ती ओळखली जाते. दुरुस्ती म्हणाल तर मूठभर ओळींची.

म्हणून मेंटेनर प्रश्न विचारतो. तो तुमचा अपमान करत नसतो.

आता एक बदल नीट, सावकाश बघू. माझ्याच अनुभवातला सांगतो. वाचनालयांसाठीचा एक छोटा ओपन सोर्स प्रोग्राम आहे. आमच्या भागातल्या वाचनालयात तो वापरतात. तिथल्या ग्रंथपाल बाई एकदा म्हणाल्या, “तुमचा कॉम्प्युटर नावं वेडीवाकडी लावतो. काझींच्या नंतर काळे येतात आणि काळेंच्या नंतर कासार. आम्ही शाळेत ळ शेवटी शिकलो.”

बाईंचं बरोबर होतं. आपली वर्णमाला आठवा: य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. ळ येतो ह नंतर. म्हणजे आधी कासार, मग काळे. संगणकाला वर्णमाला माहीत नसते, त्याला क्रमांक माहीत असतात. युनिकोडमध्ये ल चा क्रमांक २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७ आणि ह चा २३६१. युनिकोडची देवनागरीची मांडणी इस्की या जुन्या भारतीय मानकावरून आली. त्यात सगळ्या भारतीय लिप्यांना समांतर जागा दिल्या होत्या आणि ळ ला ल च्या शेजारी बसवलं होतं. त्यात कुणाची चूक नाही. क्रमांक म्हणजे ओळखपत्राचा नंबर, रांगेतली जागा वेगळी ठरवायची असते. ती ठरवायचे नियमही तयार आहेत. युनिकोडचाच सीएलडीआर नावाचा संग्रह आहे, त्यात भाषेगणिक क्रम दिलेले आहेत, मराठीचाही आहे, आणि त्यात ळ ह नंतरच येतो. हा प्रोग्राम ते नियम न वापरता नुसते क्रमांक लावत होता.

म्हणजे बदल असा: नुसत्या क्रमांकांची तुलना काढायची आणि त्या जागी तयार नियम वापरणारी तुलना घालायची. स्वतः मराठीचा क्रम लिहीत बसायचं नाही. क्ष आणि ज्ञ कुठे ठेवायचे, क मध्ये आणि ज मध्ये की शेवटी, यावर चार मराठी माणसं बसवली तर दोन मतं निघतात. तो वाद वाचनालयाच्या प्रोग्राममध्ये आणायचं काही कारण नव्हतं. जिथे नियम ठरतात तिथे तो वाद घालावा.

त्याच प्रोग्राममध्ये मला आणखी तीन गोष्टी दिसल्या होत्या. तारखा नीट दिसत नव्हत्या, दोन बटणांवरची मराठी कच्ची होती, एके ठिकाणी कोड उगाच लांबट होता. हात शिवशिवतात. पण एका वेळी एकच. चार बदल एका गाठोड्यात बांधून पाठवले, की त्यातल्या एकावर आक्षेप आला तरी चारही अडकतात. शिवाय सहा महिन्यांनी काही बिघडलं, तर नेमकं कशामुळे हे शोधायचं कसं? तारखा मी नंतर, वेगळ्या पाठवल्या. लांबट कोडला आजतागायत हात लावलेला नाही. चालतोय, चालू दे.

या प्रोग्रामच्या मेंटेनर बेल्जियममधल्या एक बाई आहेत. मराठीचं एक अक्षर त्यांना येत नाही. बदल पाठवल्यावर अठरा दिवस काही उत्तर नाही. मग तीन प्रश्न आले.

पहिला: सध्याचा क्रम चुकीचा आहे हे मला कसं कळावं? मी बालभारतीच्या पुस्तकातल्या वर्णमालेच्या पानाचा फोटो पाठवला, ळ भोवती गोल करून. सीएलडीआरमधला नियम कुठे आहे तेही दाखवलं. ‘मी मराठी आहे, माझ्यावर विश्वास ठेवा’ असं लिहिलं असतं तर खोटं नव्हतं, पण ते तपासता येत नाही.

दुसरा: याची चाचणी कुठे आहे? चाचणी म्हणजे कोडबरोबर ठेवलेला छोटा कोड, जो दर वेळी आपोआप चालतो आणि सांगतो की अजून सगळं ठीक आहे. मी नावांची यादी दिली: काझी, कासार, काळे, पालकर, पाशा, पाळंदे. हीच नावं उलटसुलट दिली तरी याच क्रमाने बाहेर आली पाहिजेत. जोडीला मुजावर, मुल्ला, मुळे ही तीन नावं, जी जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींत त्याच क्रमाने येतात. नवीन दुरुस्त करताना जुनं मोडलेलं नाही, हे दाखवायला ती हवीत.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा निघाला: ज्या वाचनालयांत आधीच हजारो नावं भरलेली आहेत, त्यांचं काय? डेटाबेस पटकन शोधता यावं म्हणून नावं क्रमाने लावून ठेवतो, पुस्तकाच्या शेवटच्या सूचीसारखी. सूची जुन्या क्रमाने लावलेली आणि शोधणारा नव्या क्रमाने शोधतोय, तर नाव समोर असून सापडत नाही. असं मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जीलिबसी या लिनक्समधल्या मूलभूत लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली. तिच्यात अक्षरांचे क्रम सुधारले होते, चांगल्या हेतूने. पण पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमधल्या जुन्या सूच्या त्यामुळे निरुपयोगी झाल्या आणि जगभरच्या लोकांना त्या पुन्हा बांधाव्या लागल्या. बाईंना ते आठवत होतं. म्हणून प्रोग्राम नव्या आवृत्तीवर जाताना सूची एकदा पुन्हा बांधायची पायरी आम्ही त्यात घातली. हे त्यांनी सांगितलं. ळ चं मी सांगितलं. असा व्यवहार झाला.

एकूण सात आठवडे गेले. शेवटी आत गेलेल्या कोडच्या ओळी अकरा, चाचणीच्या त्याहून जास्त. आता काळे कासारांच्या नंतर येतात.

बदलाबरोबर एक टिपण लिहावं लागतं. त्याकडे तुमच्या वयाची मुलं सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात. ‘फिक्स्ड बग’, ‘अपडेट’, ‘फायनल’, ‘फायनल टू’. काय केलं ते कोडमध्ये दिसतंच. का केलं ते दिसत नाही. टिपणात ते लिहायचं असतं. लिनक्सच्या जगात रीत अशी की पहिली ओळ छोटी आणि आज्ञार्थी, जणू तुम्ही कोडला हुकूम देताय: ‘मराठी नावं वर्णमालेच्या क्रमाने लाव’. मग एक ओळ मोकळी सोडून तीन-चार वाक्यं: आधी काय होत होतं, कुणाला त्रास होता, हाच उपाय का निवडला. गिटमध्ये कुठल्याही ओळीवर बोट ठेवून ही कुणी, कधी, का लिहिली हे विचारता येतं. गिट हे लिनस टोरवाल्ड्सने २००५ च्या एप्रिलमध्ये लिनक्सच्याच कामासाठी बनवलं. आठ वर्षांनी कुणी तरी त्या ओळीवर बोट ठेवेल तेव्हा तुम्ही तिथे नसाल, टिपण असेल.

इथे इंग्रजीचा मुद्दा येतो. उर्दू माध्यमातून, मराठी माध्यमातून आलेली मुलं मला म्हणतात, कोड जमतो, पण तो मेल लिहायचा म्हटलं की घाम फुटतो. ऐका. लिनसची मातृभाषा स्वीडिश. २००५ पासून गिट सांभाळणारे जुनिओ हमानो जपानी. रुबी भाषा बनवणारे मात्सुमोतोही जपानी. तिकडे सुंदर इंग्रजी कुणी मागत नाही, स्पष्ट मागतात. छोटी वाक्यं लिहा. मी हे केलं, हे घडलं, हे घडायला हवं होतं. एवढ्या तीन वाक्यांवर माझे बरेच बदल निभावले आहेत. ‘रिस्पेक्टेड सर, आय अॅम अ हंबल स्टुडंट’ ही सुरुवात मात्र वगळा. त्यांना तुमची नम्रता कळत नाही, नुसता वेळ जातो.

लिनक्समध्ये टिपणाच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि तुमचं नाव अशी एक ओळ लागते. ती सही आहे. एससीओ नावाच्या कंपनीने २००३ मध्ये लिनक्समध्ये आपला कोड चोरून घातल्याचा दावा करत आयबीएमला कोर्टात खेचलं, त्यानंतर २००४ मध्ये ही पद्धत आली. सहीचा अर्थ: हा कोड द्यायचा मला अधिकार आहे. नोकरी करणाऱ्यांनी हे कान देऊन ऐका. तुमच्या नेमणुकीच्या करारात बहुधा लिहिलेलं असतं की तुम्ही लिहिलेला कोड कंपनीचा. काही करारांत तर ऑफिसच्या वेळेबाहेर लिहिलेलाही. करार काढून वाचा आणि एचआरकडून लेखी परवानगी घ्या. मी घेतली होती. दोन ओळींचा मेल पुरला.

नावाचा विषय निघालाच आहे, तर सकाळी एका ताईने विचारलं होतं, आपलं नाव बघून बदल बाजूला ठेवतील का? भाड्याचं घर शोधताना, मुलाखतीला जाताना जे अनुभव आपण घेतो, त्यातून हा प्रश्न येतो. मला स्वतःला ओपन सोर्समध्ये असं जाणवलेलं नाही. पण माझा एकट्याचा अनुभव म्हणजे पुरावा नाही, आणि मुलींचे अनुभव माझ्याहून वेगळे असू शकतात. एक फरक नक्की आहे: इथे नकार द्यायचा असेल तर तो सगळ्यांसमोर, कारण लिहून द्यावा लागतो, आणि कारण पोकळ असेल तर ते कुणालाही वाचता येतं. ज्यांना खऱ्या नावाने लिहायचं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लिनक्सचा नियम पूर्वी खऱ्या नावाचा होता. २०२३ मध्ये तो सैल केला. आता ओळख असलेलं नाव चालतं, निनावी चालत नाही. मी माझ्या पूर्ण नावाने पाठवतो.

आणि एक नाव तर तुम्हा सगळ्यांच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोनवर, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये अक्षरं नीट जुळवून दाखवायचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. ती उभी करणारे बेहदाद एस्फहबोद इराणमध्ये जन्मलेले. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडा. हर्फ-बाज. फाँटच्या ‘ओपनटाइप’ या प्रकाराचं सरळ भाषांतर. आपण ‘कि’ टाइप करताना आधी क दाबतो, मग वेलांटी, पण पडद्यावर वेलांटी आधी दिसते. ती उचलून पुढे आणून ठेवायचं काम ही लायब्ररी करते. नस्तालीकमध्ये उर्दू शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो, तेही तीच करते. मराठी आणि उर्दू दोन्ही वाचणाऱ्या माणसाला अशा प्रोग्राममधल्या ज्या चुका दिसतील, त्या बेल्जियमच्या किंवा जपानच्या माणसाला दिसणं शक्य नाही. तुम्ही कुठून सुरुवात करावी याचं माझं उत्तर हेच आहे. ‘सोपे बग’ म्हणून काढलेल्या याद्यांच्या मागे सगळं जग लागलेलं असतं. तुम्हाला रोज खटकतं ते शोधा.

आता थोडं कडू बोलतो. एआयकडून कोड लिहून घेऊन तसाच पाठवू नका. कर्ल हा प्रोग्राम जवळपास प्रत्येक फोनमध्ये, गाडीत, टीव्हीत असतो. तो सांभाळणाऱ्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२५ मध्ये उघडपणे तक्रार केली की एआयने रचलेले खोटे सुरक्षा-अहवाल वाचण्यात त्यांच्या लोकांचा वेळ वाया जातोय. मदत घ्या, मीही घेतो. पण ‘ही ओळ इथे का?’ असं विचारल्यावर प्रत्येक ओळीचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं. तिथेही चॅटबॉटचं उत्तर चिकटवणारे लोक मी पाहिलेत. तिसऱ्या उत्तराला कळतं.

आणि विश्वासाचं एक उदाहरण, ज्यामुळे मेंटेनर आता जास्तच सावध झालेत. एक्सझेड नावाचा फाइली दाबून लहान करणारा प्रोग्राम आहे, लिनक्समध्ये सगळीकडे असतो. तो एक माणूस वर्षानुवर्षं एकट्याने सांभाळत होता, थकला होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणी तरी दोनेक वर्षं चांगले, उपयोगी बदल पाठवत राहिलं, विश्वास कमावला, सहमेंटेनर झालं, आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरदरवाजा बसवला. पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याला खटकलं. तो खोदत गेला. मार्चच्या शेवटी त्याने जाहीर केलं, आणि तो प्रोग्राम बहुतेक ठिकाणी पोचायच्या आधीच थांबला. मला यातला अर्धा सेकंद आवडतो. त्याने नवा कोड लिहिला नव्हता, त्याने लक्ष दिलं होतं. नीट लिहिलेली तक्रार, कसं घडतं त्याच्या पायऱ्यांसकट, हेही काम आहे. कधी कधी कोडपेक्षा मोठं.

लॅपटॉप जुना आहे, आठ वर्षांचा आहे, घरात तिघांत एक आहे, असं सांगणारे बरेच भेटतात. लिनक्सचा कर्नल अशा मशीनवर बांधायला घेतला तर दुपार जाईल, खरं आहे. छोटा प्रोग्राम घ्या. कोड डाउनलोड करा, बांधा, त्याच्या चाचण्या चालवा. निम्मे लोक इथेच अडकतात, आणि जिथे अडकलात तिथे सूचना अपुऱ्या आहेत असा त्याचा अर्थ. त्या सूचना दुरुस्त करणं हाच तुमचा पहिला बदल होऊ शकतो. नियमांची फाइल वाचा. नाकारलेल्या विनंत्याही वाचा, त्यातून मेंटेनरचा स्वभाव कळतो. मोठं काही करायचं असेल तर आधी विचारा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा, रोज नको. आणि नकार आला तर तो बदल तुमच्याकडे आहेच, वापरा. तो खुला कोड आहे, तुमची प्रत कुणी हिसकावत नाही.

बरं, नोकरी. गिटहबवरचे हिरवे चौकोन मोजून कुणी नोकरी देत नाही. मी आमच्या टीमसाठी मुलाखती घेतो, मी मोजत नाही. पण एखाद्याने ‘हा माझा बदल’ म्हणून एक दुवा दिला तर मी तो पूर्ण वाचतो. कोड कमी, त्याखालचं बोलणं जास्त. आक्षेप आल्यावर हा मुलगा काय बोलला, ही मुलगी कशी उत्तरली, सात आठवडे टिकली का. कॉलेजचं नाव माहीत नसलेल्या उमेदवाराबद्दल एवढं मला दुसरीकडे कुठेच वाचायला मिळत नाही.

पैसे मिळणाऱ्या दोन वाटाही आहेत. गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, आणि २०२२ पासून तिथे विद्यार्थी असण्याचीही अट राहिलेली नाही. दुसरी आउटरीची. आपापल्या देशात तंत्रज्ञानात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो, ज्यांची संख्या कमी आहे, त्यांच्यासाठीच ती आहे. तीन महिने, घरी बसून, मानधन मिळतं. घरातून पुण्या-मुंबईला पाठवत नाहीत अशा मुलींनी ही वाट जरूर बघावी. दोन्हीकडे निवड होण्याआधी काम दाखवावं लागतं. आउटरीचीच्या अर्जात तर प्रत्यक्ष केलेला बदल लागतोच. म्हणजे अर्जाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून भागत नाही.

मागच्या टेबलावर दोन लॅपटॉप ठेवलेत, दोन्ही जुनेच आहेत. त्यावर एका छोट्या प्रोग्रामचा कोड उतरवलेला आहे. जेवणानंतर तिघा-तिघांनी बसा आणि चाचण्या चालवून बघा. दोन चाचण्या नापास होतील. का, ते मी सांगणार नाही. तोवर तुमचे प्रश्न घेऊ.